साडेतीन यार्डांचं गणित : स्टॅनफर्ड विरुद्ध ऑरेगन, ७ नोव्हेंबर २०१३

गुरुवारची रात्र. कॅलिफोर्नियात पालो आल्टोला लागून असलेल्या स्टॅनफर्ड स्टेडियममध्ये चौथा, म्हणजे शेवटचा क्वार्टर (सामन्याचा पाव भाग) सुरू होता आणि फलकावर आकडे होते २६-०. त्यातलं शून्य ऑरेगनचं, म्हणजे ऑरेगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं होतं. हा संघ त्या हंगामात तोवर आठही सामने जिंकलेला होता आणि दर सामन्याला सरासरी ५५ हून अधिक गुण करत होता. देशातला सगळ्यात वेगवान संघ म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जायचं, त्याला तीन क्वार्टर होऊन गेले तरी खातं उघडता आलेलं नव्हतं.

कॉलेज फुटबॉलमधला एक जुना वाद या सामन्यापाशी हटकून येऊन थांबतो. चेंडू काखेत धरून, दाट गर्दीत शिरून, पाच-पाच यार्डांनी पुढे सरकणारं आक्रमण चांगलं, की मैदानभर माणसं पसरून समोरच्याला श्वासही घेऊ न देणारं वेगाचं आक्रमण? धावत्या खेळाचे चाहते ही रात्र पुरावा म्हणून पुढे करतात. वेगाचे चाहते म्हणतात, एका रात्रीवरून काय ठरतं. मी हा सामना अनेकदा पाहिला आहे, आणि माझं मत असं की दोघंही त्यात चुकीची गोष्ट शोधतात. ‘धाव की वेग’ हा त्या सामन्याचा प्रश्नच नव्हता. किती चढाया होणार आणि तो आकडा कोण ठरवणार, हा प्रश्न होता.

चढाई हा शब्द मी मुद्दाम कबड्डीतून घेतो आहे. अमेरिकन फुटबॉल न पाहिलेल्या वाचकाला या खेळात शिरायला कबड्डीइतकी जवळची वाट नाही. एका संघाकडे चेंडू येतो आणि तो जाईपर्यंत त्याची चढाई चालते. चढाईत छोटे छोटे डाव असतात. चार डावांत दहा यार्ड मिळवले की नवे चार डाव मिळतात. नाही मिळवले, तर चेंडू समोरच्याला. चौथा डाव सहसा लांब लाथ मारून चेंडू दूर पाठवण्यात किंवा फील्ड गोलच्या, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून मारून तीन गुण मिळवण्याच्या प्रयत्नात जातो, म्हणून प्रत्यक्षात हाताशी तीनच डाव असतात. कबड्डीत चढाईला ३० सेकंद मिळतात, तसे इथे एक डाव संपल्यापासून पुढचा सुरू करायला ४० सेकंद मिळतात. ते ४० सेकंद वापरायचे की टाकून द्यायचे, इथूनच दोन पंथ वेगळे होतात.

ऑरेगनने ते टाकून दिले. चिप केली २००७ मध्ये आक्रमणाचा प्रशिक्षक म्हणून ऑरेगन विद्यापीठाच्या युजीन गावात आला आणि २००९ ते २०१२ मुख्य प्रशिक्षक होता. त्या चार वर्षांत ४६ विजय आणि ७ पराभव. त्याच्या संघाचा डाव संपला की खेळाडू घोळका करून चर्चा करत नसत. थेट जागेवर उभे राहत, बाजूला वळून बघत, आणि तिथे चित्रं लावलेले मोठे फलक वर उचललेले असत. कुठलं चित्र खरं आणि कुठलं फसवं, हे खेळाडूंना ठाऊक. काही सेकंदांत चेंडू पुन्हा खेळात.

या घाईमागे नियमातली एक फट आहे. आक्रमक संघाने खेळाडू बदलला, तर बचाव करणाऱ्यांनाही बदलायला वेळ द्यावा लागतो आणि पंच तोवर चेंडूपाशी उभा राहतो. पण आक्रमकांनी कुणालाच बदललं नाही, तर बचावाला तो हक्क उरत नाही. म्हणजे १४० किलोचा धापा टाकणारा बचावपटू मैदानाबाहेर जायला निघाला आणि तेवढ्यात चेंडू खेळात आला, तर तो दंडाचं कारण ठरतो किंवा तसाच अडकून पडतो. ऑरेगन त्याला अडकवायचं.

आणि आता ती गोष्ट, जी या वादात जवळजवळ प्रत्येक जण विसरतो. ऑरेगनचा संघही धावणाराच होता. २०१३ च्या त्या सामन्याआधी त्यांची धावून मिळवलेली सरासरी ३३० यार्डांच्या आसपास होती. त्यांचा मुख्य डाव ‘झोन रीड’. त्यात बचावाच्या टोकाच्या एका माणसाला कुणी अडवायचंच नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, चेंडू रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या पोटाशी धरतो आणि नजर त्या मोकळ्या माणसावर ठेवतो. तो आत धावला, तर चेंडू आपल्याकडेच ठेवून बाहेरून पळायचं. तो बाहेर थांबला, तर चेंडू रनिंग बॅककडे सोडून द्यायचा. न अडवता एक माणूस बाद. उरलेल्या दहांची गणती आपोआप आक्रमकांच्या बाजूने झुकते. हा धावताच खेळ आहे, फक्त रुंदीला पसरलेला.

स्टॅनफर्डचा धावता खेळ खोलीचा होता. प्रशिक्षक जिम हार्बॉने तो रुजवला आणि २०११ पासून त्याच्या जागी आलेल्या डेव्हिड शॉने चालवला. हे विद्यापीठ प्रवेशाच्या बाबतीत कडक. टेक्सास किंवा लॉस एंजेलिसमधल्या सगळ्यात वेगवान मुलांपैकी बऱ्याच जणांना तिथे प्रवेशच मिळायचा नाही. पण अवाढव्य अंगाची, अभ्यासात हुशार, डावपेचांची जाड वही पाठ करायला तयार असलेली मुलं देशभर विखुरलेली असतात आणि ती स्टॅनफर्डला मिळत. त्यांच्या आक्रमक फळीने स्वतःला ‘टनेल वर्कर्स युनियन’ असं नाव घेतलं होतं. बोगदा खणणाऱ्यांची संघटना. इतकं नेमकं नाव मी दुसऱ्या कुठल्या फळीचं ऐकलेलं नाही.

त्यांचा आवडता डाव ‘पॉवर’. एका बाजूचे सगळे लाइनमन, म्हणजे आक्रमक फळीतले खेळाडू, समोरच्याला आतल्या बाजूला ढकलतात, फुलबॅक, म्हणजे रनिंग बॅकच्या पुढे वाट मोकळी करणारा, टोकाच्या माणसाला बाहेर लोटतो, आणि दुसऱ्या बाजूचा गार्ड, हाही फळीतलाच, आपली जागा सोडून, फळीच्या मागून पळत येऊन त्या फटीत शिरतो. रनिंग बॅक त्याच्या पाठीला चिकटून जातो. त्यात लपवाछपवी फारशी नाही. समोरच्याला डाव ओळखू येतो, तरी अडवता येत नाही, अशी त्याची अपेक्षा.

सुरुवातीला हा विचार ऑरेगनपुढे टिकला नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये युजीनला स्टॅनफर्ड २१-३ ने पुढे होतं आणि शेवटी ५२-३१ ने हरलं. ऑरेगनचा रनिंग बॅक लामायकल जेम्स एकटा २५७ यार्ड धावला. २०११ मध्ये स्टॅनफर्ड नऊ विजय घेऊन उतरलं होतं, अँड्र्यू लकसारखा क्वार्टरबॅक होता, घरचं मैदान होतं, तरी ५३-३०. या दोन पराभवांत स्टॅनफर्डने गुण कमी केले नव्हते, हे लक्षात घ्या. ३० गुण एरवी जिंकायला पुष्कळ होतात. पण लकच्या हाती चेंडू देऊन ऑरेगनशी गुणांची शर्यत लावणं म्हणजे त्यांच्याच चालीने चालणं होतं.

लक २०१२ मध्ये व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला. मला वाटतं, नाइलाजाने का होईना, तिथूनच स्टॅनफर्डला स्वतःची वाट दिसली.

१७ नोव्हेंबर २०१२, ऑट्झन स्टेडियम, युजीन. पहिल्या क्वार्टरमध्ये मार्कस मॅरिओटा, ऑरेगनचा पहिल्या वर्षाचा क्वार्टरबॅक, मधली फट सापडून सुटला आणि ७७ यार्ड धावला. पुढे मोकळं मैदान आणि सोबत त्याचाच साथीदार डीअँथनी थॉमस. मागून स्टॅनफर्डचा डेव्हॉन कॅरिंग्टन पळत होता. थॉमसने त्याला आडवं जायला हवं होतं. तो गेला नाही आणि कॅरिंग्टनने मॅरिओटाला गाठलं. त्यानंतरचे डाव स्टॅनफर्डने रोखले, चौथ्या डावावरही रोखलं, आणि ७७ यार्डांच्या त्या धावेतून ऑरेगनला एकही गुण मिळाला नाही. सामना १४-१४ असा जादा वेळेत गेला. ऑरेगनचा फील्ड गोल हुकला, जॉर्डन विल्यमसनचा ३७ यार्डांवरून बसला. १७-१४. स्टॅनफर्डचा रनिंग बॅक स्टेफन टेलर त्या रात्री १६१ यार्ड धावला होता, पण मला या सामन्यातला कॅरिंग्टन जास्त आठवतो. बोगदा खणणारा संघ जिंकला तो एका माणसाने मागून पळत जाऊन धरलेल्या पकडीमुळे. वेगाला उत्तर द्यायला थोडा वेग आपल्याकडेही लागतोच.

आता २०१३. केली फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघाकडे गेला होता आणि मार्क हेल्फ्रिच त्याचीच यंत्रणा चालवत होता. स्टॅनफर्डमध्ये टेलरच्या जागी टायलर गॅफनी. हा मुलगा मधल्या वर्षी फुटबॉल सोडून पिट्सबर्ग पायरेट्सच्या खालच्या स्तरावरच्या संघात बेसबॉल खेळायला गेला होता आणि परत आला होता.

त्या रात्री स्टॅनफर्डने ६६ वेळा चेंडू घेऊन धाव काढली आणि फक्त १३ पास टाकले. धावून मिळाले २७४ यार्ड. एकट्या गॅफनीला ४५ वेळा चेंडू दिला. तो विद्यापीठाचा विक्रम होता. त्याने मिळवले १५७ यार्ड. चेंडू स्टॅनफर्डकडे होता ४२ मिनिटं ३४ सेकंद, ऑरेगनकडे १७ मिनिटं २६ सेकंद.

या आकड्यांपाशी जरा थांबू या, कारण सगळं प्रकरण इथेच आहे. १५७ ला ४५ ने भागलं की साडेतीनपेक्षा किंचित कमी येतात. रनिंग बॅकसाठी ही सरासरी सामान्य आहे. वर्तमानपत्रात वेगळा छापला तर कुणी त्या आकड्याकडे बघणारही नाही. पण साडेतीन गुणिले तीन म्हणजे साडेदहा, आणि हवे असतात दहा. प्रत्येक डावात नेमके तेवढे मिळत राहिले, तर संघ कधीच थांबत नाही. लांब धाव नको, नशीब नको, फक्त मागे जायचं नाही आणि चेंडू सोडायचा नाही. मोठ्या संघाचं आक्रमण सहसा चमकदार डावांवर जगतं, आणि मधूनमधून एखादा डाव शून्यावर किंवा उण्यात जातो. गॅफनीच्या धावा अशा होत्या की त्यांतली वाईट धावही दोन यार्ड देऊन जायची. सरासरीपेक्षा तिच्यातली समानता मौल्यवान होती. आणि ती समानता गॅफनीने एकट्याने आणली नाही, ती फळीने आणली.

दुसरं गणित कॅरमचं आहे. समजा दोन खेळाडू आहेत आणि त्यांतला एक दर शंभर बोर्डांपैकी ६० जिंकण्याच्या ताकदीचा आहे. तीन बोर्डांचा सामना लावला, तर तो शंभरातून ६५ सामने जिंकेल. पंधरा बोर्डांचा लावला, तर ७९. खेळाडू तेच, स्ट्रायकर तोच, बोर्ड वाढले की सरस माणसाची बाजू वाढते. ऑरेगनचा वेग म्हणजे बोर्ड वाढवण्याचं तंत्र होतं. जास्त चढाया, म्हणजे सरस संघाला जास्त संधी. स्टॅनफर्डने बोर्ड कमी केले. एकेक चढाई सहा-सात मिनिटं चालली, की चार क्वार्टर फार लवकर संपतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण समालोचकही तो करतात. ‘चेंडू जास्त वेळ बाळगला म्हणून जिंकले’ हे खरं नाही. चढाया आळीपाळीने होतात. तुम्ही चेंडू चाळीस मिनिटं बाळगा की वीस, दोघांना चढाया जवळपास सारख्याच मिळणार. वेळ बाळगून तुम्हाला जादा संधी मिळत नाही, तुम्ही दोघांच्याही संधी कमी करता. म्हणून ही चाल तेव्हाच शहाणपणाची असते जेव्हा तुम्ही आघाडीवर असता किंवा समोरचा तुमच्याहून सरस असतो. मागे पडलेल्या संघाने चेंडू बाळगत बसणं म्हणजे स्वतःच्याच हाताने घड्याळ पुढे ढकलणं.

ऑरेगनला त्या घड्याळाचा त्रास दुहेरी झाला. वेगवान संघाची चढाई फसली, की ती मिनिटभरातच फसते. तीन डाव, लाथ, आणि आपलाच बचाव पाणी पिऊन होण्याआधी पुन्हा मैदानात. चढाया यशस्वी होतात तोवर हे दिसत नाही. ऑरेगनच्या बचावपटूंची अंगं हलकी, पळायला तयार केलेली. त्यांना त्या रात्री ४२ मिनिटं फळीशी फळी भिडवून उभं राहावं लागलं. समोरच्याला दमवण्यासाठी बांधलेली यंत्रणा स्वतःच्याच अर्ध्या संघाला दमवत होती.

पण हे सगळं आक्रमणाबद्दल झालं, आणि प्रामाणिकपणे पाहिलं तर सामना तिथे ठरला नाही. ऑरेगन त्या रात्री २४ वेळा धावलं आणि मिळाले ६२ यार्ड. सरासरी ३३० च्या आसपास असलेल्या संघाला ६२. पहिल्या अर्धात ते दोनदा गोलरेषेच्या अगदी जवळ पोचले, आणि दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परतले, एकदा चौथ्या डावावर अडकून, एकदा चेंडू हातातून सुटून. मध्यंतराला १७-०. यातली एक जरी चढाई सात गुणांची झाली असती, तर शॉला इतक्या शांतपणे चेंडू गॅफनीच्या हातात देत राहता आलं नसतं.

बचाव प्रशिक्षक डेरेक मेसनकडे शेन स्कोव्ह, ट्रेंट मर्फी असे खेळाडू होते जे समोरची सात माणसंच पुरी पडतील इतके ताकदवान होते. झोन रीड रोखायला बहुतेक संघ मागचा आठवा माणूस पुढे आणतात, आणि मग मागे मोकळी जागा पडते. स्टॅनफर्डला तो आणावा लागला नाही. प्रत्येकाने आपली फट धरायची, टोकाच्या माणसाने बाहेरची वाट बंद ठेवायची, मोकळ्या सोडलेल्या माणसाने अधीर व्हायचं नाही. कबड्डीत कोपरारक्षक जसा चढाईपटूच्या पायाला हात घालायची घाई करत नाही, तो आत यायची वाट बघतो, तसं. अकरा माणसांनी चढाईमागून चढाई असा धीर धरणं ही मला गॅफनीच्या ४५ धावांपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

या पुराव्यात एक खोटही आहे आणि ती सांगायलाच हवी. मॅरिओटाचा गुडघा त्या रात्री धड नव्हता. काही दिवसांपूर्वी यूसीएलएविरुद्ध त्याला दुखापत झाली होती, आणि ती किती होती हे नंतर कळलं. झोन रीडमध्ये क्वार्टरबॅक धावणार नाही हे बचावाला कळलं, की अर्धा डाव मेला. मॅरिओटा त्या रात्री धावून जवळपास काहीच मिळवू शकला नाही. तो धडधाकट असता तर स्टॅनफर्ड हरलं असतं असं मी म्हणत नाही, कारण २०१२ मध्ये तो धडधाकट होता आणि तेव्हाही ऑरेगनला १४ गुणांवर थांबवलं होतं. पण ६२ हा आकडा मिरवताना गुडघ्याचा उल्लेख टाळणं बरोबर नाही.

शेवटच्या क्वार्टरमध्ये ऑरेगनने २० गुण केले. त्यातला एक टचडाऊन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेणं) स्टॅनफर्डचा फील्ड गोल अडवून, तोच चेंडू पलीकडे पळवत नेऊन झाला. एक ऑनसाइड किक, म्हणजे गुण केल्यावर चेंडू पुन्हा आपल्यालाच मिळावा म्हणून मारलेली आखूड लाथ, हीही त्यांच्या हाती लागली. शेवटची लागली नाही. २६-२०. काही मिनिटं बोर्ड पुन्हा वाढले होते, आणि ते वाढताच ऑरेगन पुन्हा ऑरेगन झालं.

या निकालानंतर ‘वेगाचा जमाना संपला’ असं ज्यांना वाटलं, त्यांच्यासाठी त्याच हंगामातलं दुसरं उदाहरण ऑबर्न विद्यापीठाचं. प्रशिक्षक गस माल्झानचा हा संघ घोळका न करता, घाईने खेळायचा, आणि तरी धावून मिळवलेल्या यार्डांत देशात पहिला होता, सामन्याला सरासरी ३२८. तो राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत गेला आणि फ्लोरिडा स्टेटकडून ३४-३१ असा हरला. वेग आणि धाव एकाच घरात नांदू शकतात, याहून स्पष्ट पुरावा कुठला हवा? तरी फेब्रुवारी २०१४ मध्ये नियम समितीपुढे प्रस्ताव आला की पहिले दहा सेकंद चेंडू खेळात आणायचा नाही, म्हणजे बचावाला माणसं बदलता येतील. अलाबामाचा प्रशिक्षक निक सेबन आणि आर्कान्सॉचा ब्रेट बिलेमा त्याच्या बाजूने होते. कारण दिलं खेळाडूंच्या सुरक्षिततेचं, पण त्यामागे ठोस आकडेवारी मांडली गेली नाही, आणि मार्चमध्ये प्रस्ताव मागे पडला. मागे पडला हे योग्यच झालं असं मला ठामपणे वाटतं. स्टॅनफर्डने दहा सेकंद मागितले नव्हते. त्यांनी चेंडू दिलाच नाही.

आणि स्टॅनफर्डची रीत सगळ्यांपुढे चालली असंही नाही. ऑरेगनला हरवल्यावर नऊच दिवसांनी ते यूएससीकडून २०-१७ असे हरले, शेवटच्या मिनिटातल्या फील्ड गोलने. बोर्ड कमी केले की दुबळ्याची बाजू वाढते, हे गणित तुम्ही सरस असताना तुमच्याच विरुद्ध जातं. पुढच्या वर्षी, स्कोव्ह, मर्फी आणि गॅफनी गेल्यावर, ऑरेगनने युजीनला त्यांना ४५-१६ असं हरवलं.

त्याआधी ऑक्टोबर २०१३ मध्ये युटाविरुद्धही ते २७-२१ असे हरले होते. युटाच्या ६ यार्डांच्या रेषेवर, दोन यार्ड हवे असताना, शॉने तिसऱ्या आणि चौथ्या, दोन्ही डावांवर पास टाकायला लावला. दोन्ही वाया गेले. जो संघ बोगदे खणतो त्याने दोन यार्डांसाठी चेंडू हवेत का फेकला, यावर त्याला खूप बोलणी खावी लागली.

१ जानेवारी २०१४ ला शंभरावा रोझ बोल, हंगामाअखेरचा मानाचा सामना, झाला. मिशिगन स्टेट २४, स्टॅनफर्ड २०. दोन मिनिटांहून कमी वेळ, स्वतःच्या अर्ध्यातली ३४ यार्डांची रेषा, चौथा डाव, एक यार्ड हवा. शॉने या वेळी सगळी अवजड माणसं उतरवली आणि चेंडू फुलबॅक रायन ह्युइटला दिला. ह्युइट ढिगाऱ्यावरून झेपावला. पलीकडून मिशिगन स्टेटचा कायलर एल्सवर्थ झेपावला. नेहमीचा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीमागचा खेळाडू, निलंबित असल्यामुळे एल्सवर्थ खेळत होता. दोघं हवेत भिडले आणि ह्युइट जागच्या जागी पडला. त्या जागी मी असतो तर मीही तोच डाव बोलावला असता. आठ आठवड्यांपूर्वी ज्या फळीने ऑरेगनसमोर ६६ वेळा तेच करून दाखवलं होतं, तिला एक यार्ड मागणं चूक नव्हतं.